अळशीचा वास

दुकानात आलेल्या त्या पाहुण्या बाईंनी साबणाची वडी उचलली, नाकाशी नेली आणि होती तिथे परत ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. फक्त बोटांची टोकं ओढणीच्या कडेला पुसली, अगदी सहज, ओल्या टेबलावरून हात उचलल्यावर कुणी पुसावीत तशी, आणि गल्ल्यावरच्या नम्रताला काजूचा भाव विचारला. नसीमा हाताच्या अंतरावर उभी होती. ती वडी हिनेच केलेली आहे हे त्या बाईंना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वेंगुर्ल्याच्या बाजारात मे महिन्यात अशा शंभर बाया येतात, कोकम घेतात, काजू घेतात, दुकानातली प्रत्येक वस्तू हाताळतात. त्या काही बोलल्या असत्या तर नसीमाला उत्तर देता आलं असतं. वाद घालता आला असता, हसून सोडून देता आलं असतं. पुसलेल्या बोटांना काय उत्तर द्यायचं?

बाई गेल्यावर ती पुढे झाली. वडीभोवती कागदाची पट्टी होती आणि पट्टीवर ‘नसीमा, वेंगुर्ले’ एवढंच छापलेलं. पट्टी तिने नखाने सरकवली. खाली मसुराच्या डाळीएवढा नारिंगी ठिपका होता. ती वडी तिने नाकाशी नेली, आणि नवल असं की पहिल्या क्षणी तिला आनंद झाला. बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्या, तापलेली वाळू, पत्र्याच्या डब्यात काठीने ढवळला जाणारा निळा रंग, आणि दिवस कलताना घराच्या उंबऱ्यात उभे राहून “पाणी दी गो” म्हणणाऱ्या अब्बांचे हात. त्यांच्या हातांचा वास होता तो. लहानपणी ती त्या हातांवर तांब्यातून पाणी ओतायची तेव्हा पाणी खाली पडायचं आणि वास वर यायचा. तो इतक्या वर्षांनी तिच्या स्वतःच्या वस्तूतून यावा, हे तिला त्या एका क्षणात बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणी तिला कळलं, की साबणाला हा वास येणं म्हणजे साबण कुजणं.

“काय झाला?” नम्रताने गल्ल्यामागून विचारलं.

“खवट झालो.”

“खंय? बघू.” नम्रताने वास घेतला, नाक मुरडलं, पुन्हा घेतला. “वायच येता. सुरयेन ठिपको काढ आणि पट्टी परत लाव. कोण असो नाकाक लावन बघता?”

“ती बघून गेली.”

“ती उद्या आपल्या गावाक जातली.”

“आणि जेंच्या घरात गेलो, तेंचा काय?”

नम्रताने हातातली काजूची पिशवी खाली ठेवली. ती नसीमाची शाळेपासूनची मैत्रीण. नसीमाचा साबण दुकानात सगळ्यांत पुढच्या फळीवर तिनेच मांडला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात तीच देत होती. “ऐक,” ती म्हणाली. “कोण बोललो तुका? कोणीच नाय मा? मगे? तू दारोदारी जावन माजो साबण खराब म्हणान सांगतलंस, तर पुढच्या खेपेक कोण घेतलो? लोकांक साबणातला कायएक कळना नाय. तेंच्या इतक्याच ध्यानात रवतला, नसीमाचो साबण कुसता. कुडाळच्या प्रदर्शनात तुका टेबल देवचा ठरलासा. आता गप रव.”

नम्रता खोटं बोलत नव्हती. नसीमाला राग आलाच असेल तर तो याचाच, की नम्रताच्या बोलण्यात चुकीचं असं काही सापडत नव्हतं. तिने फळीवरच्या सगळ्या पिवळ्या वड्या पिशवीत भरल्या. फळी एकदम रिकामी, उघडी दिसायला लागली. नम्रता म्हणाली, “ताठ तर ताठ!” आणि त्या जागी कोकमाच्या बाटल्या सरकवल्या.

घराकडे चालताना पिशवी मांडीला आपटत होती. साबण काय, कुणीही करतं आता. कुडाळच्या शिबिरात ती शिकली तेव्हा सोबतच्या सगळ्या बायांनी खोबरेलाचाच केला, आणि तो बरा होतो, टणक होतो, फेस देतो, पण अंग कोरडं पाडतो. तिच्या सासूने पहिल्याच आंघोळीनंतर पोटऱ्यांवर नखाने पांढरी रेघ ओढून दाखवली होती. “साबण बाजारात गावना नाय काय?” असं सासरे रोज एकदा म्हणायचे ते वेगळंच. मग एक दिवस नम्रताच्याच दुकानात, मधाच्या आणि आवळ्याच्या बाटल्यांमध्ये, तिला जवसाच्या तेलाची बाटली दिसली. हृदयाला चांगलं, सांधेदुखीला चांगलं, असं वर लिहिलेलं. तिने झाकण उघडून हुंगलं आणि ती तिथेच थबकली. ही तर अळशी. रंगाच्या दुकानात जिला अळशीचं तेल म्हणतात, अब्बा ज्यात रंग कालवायचे, तीच ही, नुसती चांगले कपडे घालून औषधाच्या फळीवर येऊन बसलेली. कोवळा, गवतासारखा वास होता. तिचा नवरा झैद मासळीचा टेम्पो घेऊन बेळगावला जायचा; त्याला तिने घाण्यावरून ताजं तेल आणायला सांगितलं. त्याने आणलं, कशाला म्हणून विचारलंही नाही. जवसाने साबण मऊ होतो हे शिबिरातल्या बाईंनी ओझरतं सांगितलं होतं. अगदी थोडं घाला, असंही सांगितलं होतं. तिने थोडं घातलं नाही. निम्मं खोबरेल, निम्मं जवस. पौषात, कोरड्या थंड हवेत तिने तो साचा उघडला तेव्हा आत जे होतं ते फणसाच्या गऱ्याच्या रंगाचं होतं. सुरी लावली तर लोण्यातून जावी तशी गेली. अंगाला लावला तर अंग न्हाल्यानंतरही मऊ राहायचं. सासूने या वेळी नख ओढलं नाही, दुसऱ्या दिवशी नुसतं विचारलं, “तो पिवळो खंय ठेवलंस?” नसीमाला आयुष्यात कशाचा एवढा अभिमान वाटला नव्हता. लग्नाचा नाही, घराचा नाही. ही वस्तू तिच्याआधी जगात नव्हती, असं तिला वाटायचं. आणि ती पट्टी छापून आली त्या दिवशी आपलं नाव कागदावर एकटं उभं आहे, त्याच्या पुढेमागे कुणाची मुलगी, कुणाची बायको असं काही नाही, हे तिने पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

आता उन्हाळा होता, हवा घामेजलेली होती, आणि चालता चालता तिला एकेक गोष्ट उमगत गेली. अळशी हवा खाते. म्हणून तर ती रंगाला लागते: लाकडावर पसरली की हवा खात खात घट्ट होते, पापुद्रा धरते, खारं पाणी आत जाऊ देत नाही. तेच तेल साबणात कोंडलं तरी त्याची हवेची भूक जात नाही. तिथे ते घट्ट होऊ शकत नाही, मग आतल्या आत सडतं. हे आपल्याला माहीत होतं, ती स्वतःला म्हणाली. बोटांना माहीत होतं. रंगाच्या डब्यावर धरलेली ती साय लहानपणी काठीने फोडली होती की आपण.

घरी तिने माळ्यावरची नुसत्या खोबरेलाची जुनी, पांढरी खेप काढली. ती एकाच्या बदल्यात एक द्यायची. मग ती निघाली. पिवळा साबण कुणाकुणाकडे गेला हे तिला आठवावं लागलं नाही. प्रत्येक वडी हातातून हातात गेली होती, कोण काय म्हणालं तेसुद्धा लक्षात होतं. पहिलं दार विनीता मॅडमचं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, व्यवस्थित बोलणाऱ्या. नसीमाने सांगितलं तेव्हा त्या आत गेल्या, वडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अगं, मला वाटलं जवसाचा वासच असा असतो. औषधी म्हटल्यावर वास येणारच, म्हणून मी रोज श्वास रोखून लावत होते!” आणि इतक्या हसल्या की नसीमालाही हसू फुटलं. एका घरी तो वापरलाच नव्हता. दिसायला चांगला म्हणून काचेच्या कपाटात बाहुलीशेजारी ठेवलेला, आणि बाहुलीच्या फ्रॉकला नारिंगी डाग पडलेला. स्वप्ना म्हणून एक नवी बाळंतीण होती, ती म्हणाली, “मी बाबूकपण हेनाच न्हावयतंय.” नसीमाने पाळण्यात वाकून पोराचं अंग पाहिलं, पाठ पाहिली, मांड्यांच्या घड्या उलगडून पाहिल्या. तुकतुकीत कातडी होती. “काय झाला नाय गो तेका,” स्वप्ना म्हणाली. “असतलो खवट, पण तुजो साबण मऊ आसा.” नसीमाने तरी वडी घेतली. दोन-चार दारं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला आवाज बदलला आहे. आधी ती दारात उभी राहून घसा खाकरत होती. आता सरळ म्हणत होती, “माजो साबण खराब झालो, परत दिया.” खराब म्हणायच्या आधी माझा म्हणावं लागत होतं, आणि तो शब्द प्रत्येक दारात थोडा मोठ्याने येत होता. शरमेने मान खाली जाईल या तयारीने ती घरून निघाली होती. मान जात नव्हती. याचं तिचं तिलाच कोडं पडलं, थोडी भीतीही वाटली. आपल्याला लाजच नाही की काय?

बंदरावर राधाबाई मात्र देईना. ती जेटीच्या सावलीत मासळी मांडून बसणारी, केसांत अबोलीचा वळेसर, कमरेला कोयता खोचलेला. बांगड्यांवरून हात न काढताच तिने ऐकून घेतलं.

“माका होयो तो,” ती म्हणाली.

“राधाबाय, खवट झालोसा.”

“माज्या हाताक फाटफटीपासून बांगड्याचो वास. तेका तुज्या खवटाचा काय पडलासा? तेना मासळेचो वास जाता. घराक गेल्यार नातू मांडयेर बसता माज्या. ह्यो धवो घी तुजो परत, माका पिवळोच होयो.”

“पिवळो मी कोणाकडेच ठेवचंय नाय.”

“दिलेली वस्तू परत मागणारा चेडू पयल्यांदाच बघतंय!” राधाबाई आता खरंच चिडली होती. शेजारच्या दोघीतिघी माना वळवून पाहू लागल्या. “लोक विकल्यावर तोंड दाखयत नाय, आणि ही येता नि हातातसून ओढून घेता.” आपल्या टोपलीमागून तिने फडक्यात गुंडाळलेला उरलेला तुकडा काढला आणि नसीमाच्या पिशवीत जवळजवळ फेकलाच. मग पांढरी वडी हुंगत ती वेगळ्याच स्वरात म्हणाली, “याकूबाचा चेडू तू. तुजो बापूस असोच. माज्या घोवाची होडी रंगवल्यान नि सगळी परत खरवडून काढल्यान. दर्या खुलो झालो, सगळ्यांच्यो होडयो गेल्यो, आमची वाळूत. माजो घोव वरीसभर बोललो नाय तेच्याशी.”

राधाबाईच्या नवऱ्याची ती होडी नसीमाला आठवत होती. कुणा नव्या व्यापाऱ्याकडून आणलेलं अळशीचं तेल भेसळीचं निघालं होतं. रंग वाळला होता. निदान दिसायला वाळला होता. अब्बा सकाळी होडीजवळ गेले, वाकले, फळीला नाक लावलं आणि तसेच वाकून राहिले. मग त्यांनी खरवडणी घेतली. जेवणाचा डबा घेऊन ती गेली तेव्हा भोवती माणसं होती, शिव्या होत्या, कुणी म्हणत होतं, रंगाऱ्याक याड लागला. अब्बांच्या केसांवर, भुवयांवर निळा भुगा बसला होता आणि ते खरवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. ती डबा धरून उभी राहिली, पाय भाजत होते तरी उभी राहिली. त्या वेळी तिला वाटलं होतं की अब्बांना खूप लाज वाटत असणार, म्हणून ते वर बघत नाहीत. आज जेटीच्या सावलीत, हातात साबणाची पिशवी आणि भोवती तशाच वळलेल्या माना असताना, तिला प्रथमच शंका आली की ती लाज नसावी. ते नुसते कामात असतील. आपलं काम आपण पुन्हा उघडून बघायचं, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे असेल, आणि माणसं दिसतच नसतील.

शेवटची वडी अब्बांकडे होती. बंदरामागे माडांत भावाचं घर होतं, त्याच्या मागच्या अंगाला अब्बांची खोली आणि विहिरीजवळ त्यांची वेगळी मोरी. होड्या फायबरच्या झाल्या तसं रंगाचं काम सुटलं. आता ते नमाज, रेडिओ आणि बंदरावरची एक फेरी यांत दिवस काढत. ती आली तेव्हा ते हातपाय धुऊन पडवीत टेकत होते. ओले हात त्यांनी गुडघ्यांवर उताणे ठेवले होते.

“इलंस? बस. उन्हातान्हाची कित्याक फिरतंस?”

“अब्बा, तो पिवळो साबण वापरतास?”

“मगे? रोज. बेस साबण केलंस. वास कसो घमघमता. लिंबाचो मा?”

साबणात लिंबू नव्हतं. कधीच नव्हतं. लिंबाचं तेल घालावं का, असं ती मागे एकदा त्यांच्याशी बोलली होती, एवढंच. ती पायरीवर बसता बसता थांबली. पडवीत, त्यांच्या ओल्या हातांभोवती, तो वास नुसता भरून राहिला होता. तिला तो दारातच लागला होता. आणि मग एकामागून एक गोष्टी सुटून वर आल्या, विहिरीतल्या बुडबुड्यांसारख्या. ईदेला त्यांनी खिरीतल्या केवड्याची तारीफ केली होती आणि ती केवडा घालायलाच विसरली होती. तिला वाटलं होतं, मन राखतायत. मासळीवालीला ते हल्ली “ताजी आसा मा?” असं विचारायचे, कल्ले उचलून नाकाशी न्यायचे नाहीत, तिला वाटलं होतं, म्हातारपणामुळे माणूस मऊ झाला. एकदा त्यांच्या चुलीवर दूध करपून काळं झालं आणि ते शेजारीच बसून रेडिओ ऐकत होते. ज्या माणसाने बंद डबा नुसता हलवून, झाकणाच्या फटीला नाक लावून, तेल कुठल्या गावचं ते सांगावं, त्या माणसाला स्वतःच्या तळहातांचा वास येत नव्हता. त्याने ते लपवलं होतं, जसा एखादा देखणा माणूस पडलेला दात लपवतो.

ती मोरीवर गेली. वडी दगडावर चिकटून बसली होती, सगळीच नारिंगी, मधासारखी ओघळलेली. झावळीच्या तुकड्याने तिने ती खरवडून काढली आणि विहिरीच्या काठाला हात टेकून उभी राहिली. दिवसभर तिने ज्याला त्याला तोंडावर खरं सांगितलं होतं आणि त्यात तिला एक उग्र सुख मिळालं होतं. आता इथे काय? ‘नवीन आणलाय, जुना नेते’ असं म्हटलं की झालं. ते हो म्हणतील. नव्याचाही वास घमघमतो म्हणतील. त्यांचं झाकलेलं झाकलेलं राहील. पण तिला वाटलं, मग हा एकच साबण असा असेल जो मी ठिपका पट्टीखाली झाकून दिला. आणि तो नेमका ह्यांना.

ती पुढे आली. “खवट झालो, अब्बा. सगळोच माल खवट झालो. गावातसून परत घेतंय.”

 त्यांनी उजवा हात उचलला, नाकाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. बंद दाराला कान लावून कुणी पलीकडच्या आवाजाची वाट पाहावी तसा. मग हात खाली आला.

“जरासुद्धा नाय,” ते म्हणाले.

“केवापासून?”

“त्या साथीच्या आजारापासून. पयलो वाटला, येतलो परत. मगे वाट बघूची सोडलंय.”

“बोललास नाय कधी.”

“काय बोलू? रंगाऱ्याचे डोळे गेले तर जगाक दिसता. नाक गेला तर कोणाक दिसता? मगे आपणच कित्याक दाखवा?” ते थोडे हसले, पण ते हसू त्यांना पुरलं नाही. माडांतून वारा आला, गेला. नसीमा त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. त्यांनी विचारलं, “कसो येता? सांग माका.”

तिला आधी खवट, उग्र, करपट असे शब्द सुचले. ते खरे होते आणि त्यांत काहीच नव्हतं. ती म्हणाली, “तुमचो येता. तुम्ही होडयो रंगवन घराक इल्यार तुमच्या हाताक येय, तसो.”

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. “अळशी?”

“अळशीच. जवस म्हणान बाटलीत गावता ती.”

“जवस!” आता मात्र ते खरे हसले, दंड हलेपर्यंत. “अळशीन मोठा नाव घेतल्यान. आणि कितकी घातलंस?”

“अर्धी.”

“अर्धी! अगो, ती हवा खाता...”

“आज कळला माका. वाटेर चलताना कळला.”

“कळला मा? मगे झाला.” त्यांनी तिच्या हातातली झावळी घेतली, चिकट गोळ्यावरून अंगठा फिरवला, अंगठा आणि बोट जुळवून उघडलं, पुन्हा जुळवलं. “सगळ्यांक तोंडार सांगितलंस? खवट म्हणान?”

“सांगितलंय.”

“कोणाकच झाकून दिलंस नाय?”

“नाय.”

 शाबास म्हणायची त्यांना सवय नव्हती. तिच्या लहानपणीही नव्हती. ती उठली तेव्हा एवढंच म्हणाले, “सकाळी ती पिशवी घेवन बंदरार ये. फेकू नको.”

सकाळी ती निघाली तोच नम्रताचा फोन आला. प्रदर्शनवाल्यांच्या कानावर गेलं होतं. वेंगुर्ल्याच्या बाईचा साबण खराब निघाला म्हणे, तीच सांगत फिरतेय म्हणे. टेबल त्यांनी पिंगुळीच्या गटाला दिलं. “मी भांडलंय तेंच्याशी,” नम्रता रडकुंडीला येऊन म्हणाली. “तुका सांगितलेला मी.” नसीमा म्हणाली, “सांगितलेलंस.” फोन ठेवल्यावर छातीत काहीतरी खुपलं आणि खुपतच राहिलं. त्या टेबलावर काय कसं मांडायचं हे तिने मनात कितीदा तरी मांडून पाहिलं होतं; खाली अम्मीची कशिद्याची चादर घालायची हेसुद्धा ठरलं होतं. पुढच्या वर्षी खोबरेल आणि कोकमतेल, जवस नुसतं चमचाभर. आणि पट्टीवर नावाखाली, कधीपर्यंत वापरायचा ते. असं ती चालता चालता ठरवत होती, पण खुपणं काही थांबलं नाही. पिशवी कालच्यापेक्षा जड होती.

बंदरावर हंगाम आवरायला आला होता. फायबरच्या होड्या वर ओढल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे गंगाराम नावाच्या मच्छिमाराची एक जुनी लाकडी, बहुतेक शेवटचीच, बुडावर काळ्या तेलाचे आणि शेवाळाचे थर घेऊन कलती पडली होती. अब्बा तिच्याशेजारी ओंडक्यावर बसलेले, लुंगी वर खोचलेली, समोर पाण्याने भरलेली बादली. त्यांनी वड्या मागून घेतल्या आणि किसणीवर किसायला सुरुवात केली. नारिंगी-पिवळा कीस पाण्यात विरघळून दाट फेस आला. किसणी नसीमाच्या हातात देऊन त्यांनी ब्रश बुडवला, बुडाच्या फळीवर रेटला, आणि काळा ओघळ खाली उतरला, मागे लाकूड उघडं पडलं. गंगाराम पाहत होता. जाळी आवरणारे दोघेचौघे जवळ आले.

“कसलो घाण वास येता रे ह्यो?” गंगाराम म्हणाला.

“बरोबर येता तुका,” अब्बा म्हणाले, आणि मग असा आवाज चढवला की जेटीवरच्या बायकांपर्यंत जावा. “माका येणा नाय. नाक गेलासा माजा, त्या आजारात गेला. तुम्ही घेया वास आणि माका सांगा.”

नसीमाच्या हातातली किसणी थांबली. कालपर्यंत जे त्यांनी घरातल्यांपासून राखलं होतं ते त्यांनी असं उन्हात, बादलीशेजारी, सगळ्यांसमोर ओतून दिलं होतं. आणि ते ब्रश मारत होते, वर बघतही नव्हते. कुणी हसलं नाही. एकाने खरंच वाकून बादलीचा वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, “अळशी आसा चाचा. कुसलेली.”

“अळशीच ती. माज्या चेडवान साबण केल्यान अळशीचो. बिघडलो. गावभर फिरान, घरोघर सांगान, एकूण एक परत घेतल्यान.”

गंगारामने उघड्या पडलेल्या फळीवरून हात फिरवला. मग इंजिनाच्या तेलाने माखलेले स्वतःचे हात बादलीत बुडवले, चोळले, पाण्याने धुतले आणि उलटसुलट करून पाहिले. “पण काढता बरो,” तो म्हणाला. “खंय गावतलो ह्यो?”

“गावचो नाय,” अब्बा म्हणाले. होडी कुणाची म्हणून विचारल्यावर मालकाने सांगावं, तसा त्यांचा स्वर होता. “सांगितलंय मा तुका? परत घेतल्यान माज्या चेडवान.”

नसीमाने सलवारीची टोकं वर खोचली, दुसरा ब्रश उचलला आणि ती होडीच्या त्या बाजूला जाऊन वाकली.